कानाच्या पाळीवरचा तीळ

ऑफिसात मला धोबी म्हणतात. जुन्या कॉमिक्सची पानं स्कॅन करायची आणि त्यांवरचे डाग, सुरकुत्या, कुणाच्या तरी चहाचे ओघळ पडद्यावर पुसून पान कोरं करकरीत करायचं, हे माझं काम. या कामाचा मला भारी माज होता. होता म्हणतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानंतर तो उरला नाही.

‘झंझावात’चे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे अंक आम्ही जाड बांधणीच्या एका खंडात पुन्हा काढत होतो. डोळ्यांवर मुखवटा, कान मात्र उघडे, एका बुक्कीत भिंत पाडणारा असा हा आमचा नायक. मूळ चित्रं कधीच रद्दीत गेलेली, म्हणून एका संग्राहकाचे अंक उसने आणले होते. त्या अंकांवर पेन्सिलीनं चित्र काढणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत असायचं. त्या पेन्सिलीवर शाई फिरवून चित्रात जीव आणणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. तो शाईवाला म्हणजे माझा मामा.

मी त्याच्याच घरी वाढलो. आईची नोकरी दूर होती, त्यामुळे दहा वर्षांचा होईपर्यंत मला मामीनंच न्हाऊमाखू घातलं. मामी जाऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामा फारसा बोलत नाही, आणि हातालाही कंप सुटलाय. या खंडात तरी त्याचं नाव आलंच पाहिजे म्हणून मी संपादिकाबाईंशी कडाक्यानं भांडलो आणि पहिल्या पानावर ते छापून घेतलं. मग स्वतःची टिमकी वाजवत फिरलो. मामालाही फोनवर ऐकवलं, “अख्ख्या पुस्तकात एक डाग सापडला तर नाव बदलीन.”

छापलेल्या प्रती आल्या त्या दिवशी मामाचाच फोन आला.

“पुस्तक आलं म्हणे?”

“आलं. रविवारी घेऊन येतो.”

“बरं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तीळ नीट आलाय ना रे?”

“कुठला तीळ?”

“असं काय करतोस? मामीचा.”

तेव्हा कुठे मला आठवलं. मी आठेक वर्षांचा असताना मामानं कामाच्या टेबलाशी बोलावून दाखवलं होतं. झंझावातच्या कानाच्या पाळीवर तो एक बारीक ठिपका द्यायचा, दर अंकात, जिथे जिथे तो कान दिसेल तिथे. मामीच्या कानाच्या पाळीवर तसाच तीळ होता. “माझं नाव नाही छापत ना? मी बायकोला छापतो,” असं म्हणून तो हसला होता, आणि मामी “काहीतरीच तुमचं” म्हणत आत पळाली होती. माझं अर्धं लक्ष मारामारीच्या चौकटीत होतं.

“आलाय,” मी म्हणालो. “छान आलाय.”

फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. पुस्तक उघडलं. सगळे कान लख्ख.

नजरचुकीनं गेला असता तर गोष्ट वेगळी. मला तो ठिपका दिसला होता. सारखा सारखा येतो म्हणून खटकलाही होता. जुन्या छपाईत शाई साचते, तसलंच काहीतरी असेल असं मी ठरवून टाकलं. नेहमी येणाऱ्या डागांची एक यादी आम्ही टेबलासमोरच्या भिंतीवर लावतो. त्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘नायकाच्या कानावर घाण. सगळीकडून काढणे.’ मी तो कागद फाडून खिशात घातला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

सरळ माणसानं मामाला फोन करून सांगून टाकलं असतं. मी पडलो अतिशहाणा. अंक संग्राहकाकडे परत गेले होते, आणि पुन्हा मागायचे तर कारण सांगावं लागलं असतं. मूळ स्कॅनवरच सफाई केल्यामुळे मागे काही शिल्लक नव्हतं. मामाकडचे अंक तर लहानपणी मीच वाचून वाचून फाडले होते. मग गुळगुळीत कागदावर न फिसकटणारं बारीक टोकाचं पेन आणलं आणि शनिवारी सकाळपासून मामासाठी ठेवलेली प्रत घेऊन बसलो. उजवा कान दिसला की पाळीवर ठिपका. पुढची चौकट, पुढचा ठिपका. शेवटी शेवटी तर मला माझ्या सफाईदार हाताचं कौतुकही वाटू लागलं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

रविवारी मामा दाढी करून तयार होता. टेबल पुसून त्यावर भिंग काढून ठेवलं होतं. पहिल्या पानावरच्या स्वतःच्या नावावरून त्यानं एकदा बोट फिरवलं आणि पान उलटलं. चार-पाच पानं झाली तसा त्यानं भिंग उचललं. मग पुस्तक खिडकीकडे नेऊन उजेडात तिरकं धरलं.

“हा छापलेला नाही,” तो म्हणाला. “हातानं काढलाय.”

“हो.”

“छपाईत गेला होता?”

“नाही. मी काढून टाकला.”

“दिसला नाही तुला?”

“दिसला. डाग वाटला.”

यादीतला खरा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. मामानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता पानं उलटत राहिला, दर पानावर भिंग धरत.

“हात चांगला आहे तुझा,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला. “पण तिचा तीळ डाव्या कानाला होता रे.”

मी वाकून पानावरचा उजवा कान बघितला.

“तिच्या मांडीवर वाढलास तू,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

मी मामीला डोळ्यांसमोर आणायला गेलो. तिचे साबणाचे ओले हात आले, हाक मारण्याची तऱ्हा आली, कपाळावर आलेली बट आली. कान काही येईना. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मामानं पुस्तक पहिल्या पानावर आणून माझ्यापुढे सरकवलं. “माझा हात चालत नाही आता. पेन आणलंयस ना? डाव्या कानावर काढ.”

“आणि उजव्यावरचे?”

“राहू देत. पुसायचं तेवढं नाव काढू नकोस.”

मी पेनाचं टोपण काढलं. मामा दर चौकटीत डाव्या कानाशी बोट ठेवत होता, आणि मी मान वर न करता ठिपका देत होतो.