ओल्या लाकडाचा धूर

भागुबाई गेल्यापासून चिंगीच्या स्वप्नात यायची, पण तोंड काही दाखवायची नाही. चुलीपुढे पाठमोरी बसलेली असायची, हातात फुंकणी, डोक्यावर पदर. चिंगी म्हणायची, "आत्या, हिकडं बघ की." मग भागुबाई वळायची आणि नेमकं तेव्हाच दरीतून धुकं यायचं, तोंडाच्या जागी नुसतं पांढरं उरायचं. मेल्यावरही बाईच्या खोड्या काही गेल्या नव्हत्या.

भागुबाई तिची सख्खी आत्या आणि सासूही. चिंगीची आई लवकर गेली तेव्हा आत्यानंच तिला उचलून डोंगरावरच्या वाडीत आणलं, वाढवलं आणि पुढे आपल्याच पोराच्या, बारकूच्या गळ्यात बांधलं. लाड आणि शिव्या चिंगीला एकाच तोंडून मिळाल्या. ते तोंडच आता आठवेना, हे तिचं खरं दुखणं. आधार कार्डावर फोटो होता, पण त्यातली भेदरलेली बाई कुणी परकीच वाटायची, गोंदणही त्यात उमटलं नव्हतं. हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका डावीकडे होता की उजवीकडे, यावरून नवराबायकोचं रोज वाजायचं. बारकू म्हणायचा डावीकडे, चिंगी म्हणायची उजवीकडे.

एक आशा मात्र होती. भादव्यात पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालं होतं, तेव्हा कॅमेरेवाले वाडीवर आले होते. देशभर दिसणारा नवा एचडी चॅनेल निघणार होता आणि पहिल्या दिवशी दाखवायची फिल्म ते करत होते. समोरच्या टेकाडावरून त्यांनी चिंगीचं घर आणि मागचा डोंगर टिपला. घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे आणि पत्र्यांवर निळा प्लास्टिकचा कागद. पडवीत भागुबाई चूल पेटवत होती.

"आजी, रोजचं काम चालू द्या," टोपीवाला कॅमेरामन आधी पडवीत येऊन सांगून गेला होता. "यात सगळं स्वच्छ दिसतं. तुमचं गोंदणसुद्धा दिसेल."

"दिसू दे की मग," म्हणत भागुबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. एरवी मोबाइल पुढे केला की तोंड झाकून घेणारी बाई! मग तिनं रोजच्यासारखं चुलीत एक ओलं लाकूड सारलं. ती तिची जुनी सवय. चिंगी लहानपणी शेळ्या घेऊन रानात जायची, तेव्हा आत्या बजावायची, "वाट चुकलीस तर धूर बघायचा. धूर हाय तितं आपलं घर हाय." चिंगी मोठी झाली, शेळ्या विकल्या, तरी संध्याकाळचं ओलं लाकूड चुकलं नाही.

दिवाळीनंतर भागुबाई झोपेतच गेली. चॅनेल सुरू व्हायचा होता तो माघात.

चिंगी डोंगराखालच्या तुंगार्लीत शालनमावशींकडे धुणंभांडी करायची. मावशी रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. त्यांनी नवा टीव्ही घेतला होता. "ये गं दुपारी," त्या म्हणाल्या, "चॅनेल फुकट आहे, महिन्याला काही भरायचं नाही. तुझ्या सासूबाईंना बघू दोघी."

चिंगी ठेवणीतली साडी नेसून निघाली. बारकू सकाळीच बांधकामावर गेला होता. "ठिपका नीट बघ," त्यानं जाताना बजावलं होतं. "मागनं भांडू नगंस."

मावशींच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्याखाली टीव्ही. निवेदिका गोड आवाजात सांगत होती, हा चॅनेल देशातल्या प्रत्येक घरासाठी आहे. मग बर्फ आला, वाळवंट आलं. समुद्राची लाट इतकी खरी, की चिंगीनं पाय वर घेतले. मावशी हसल्या.

आणि तिचा डोंगर आला. सोनकीचं फूल न् फूल वेगळं दिसत होतं. घराशेजारचा उंबर आला, कपडे धुवायचा चपटा दगड आला. चिंगी पुढे सरकली.

उंबराशेजारी गवत होतं. पत्रे नव्हते, निळा कागद नव्हता, पडवी नव्हती. आत्या नव्हती.

"मावशी, दगड माजाच हाय," ती घाबरून म्हणाली. "घर कुटं गेलं?"

मावशींना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या संतापल्या. "पुसलं गं त्यांनी. कंप्युटरवर पुसतात तसं. निळा कागद खुपला असेल डोळ्यांत. डोंगर हवा, पण त्यावरची माणसं नकोत मेल्यांना!"

चिंगीला काही ऐकू येत नव्हतं. त्या मोकळ्या गवतातून एक बारीक पांढरी रेघ वर निघाली होती. हळूहळू चढत होती, उंबराच्या शेंड्यापाशी किंचित वाकत होती.

"धुक्यात हरवलेला मावळ," निवेदिका म्हणाली.

"त्ये धुकं न्हाई!" चिंगी उठूनच उभी राहिली. "मावशी, ह्यो धूर हाय. आत्याचा हाय. ओलं लाकूड सारलं व्हतं तिनं."

घर पुसणाऱ्यांना धूर ओळखू आला नव्हता. चिंगीनं पडद्यावर हात ठेवला. मावशींनी आवाज बंद केला. थोड्या वेळानं फिल्म पुन्हा लागली, तेव्हा दोघी ती रेघ बघत उभ्या होत्या. चिंगी रडत होती, आणि तिला बरंही वाटत होतं.

दिवस कलता कलता ती डोंगर चढली. वळणावर मान वर केली आणि पाय थांबले. वर उंबर होता, अंधुक गवत होतं. धूर नव्हता, दिवा नव्हता, घर दिसत नव्हतं. आपणही पुसलो गेलो की काय? ती पळतच सुटली आणि दाराच्या कडीला हात लागला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

साडी न बदलताच तिनं पडवीतली चूल पेटवली. ओलं लाकूड शोधून सारलं आणि फुंकणी तोंडाला लावली. धूर डोळ्यांत गेला, मग पत्र्याच्या कडेनं वर निघाला.

बारकू धापा टाकत आला. पडवीपाशी येऊन तो तसाच उभा राहिला.

"खालनं धूर दिसला," तो म्हणाला. "मला वाटलं, आयच बसलीया."

तो समोर टेकला. त्यानं हळूच विचारलं, "दिसली का गं? ठिपका कुटं व्हता?"

चिंगीनं त्याच्याकडे पाहिलं. दिवसभर सिमेंट वाहून त्याचं तोंड पांढरं झालं होतं.

"डावीकडं," ती म्हणाली. "तुजंच खरं."

बारकू लहान पोरासारखा हसला. चिंगीनं चुलीत आणखी एक ओलं लाकूड सारलं.