एमेटच्या शवपेटीवरचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे मित्रांनो, पण वारा म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी एकदाही फडकलो नाही. मला शिवणाऱ्या बायका कापडावर हात फिरवून म्हणायच्या, "हा खांबाचा नाही गं, पेटीचा आहे." पेटी म्हणजे शवपेटी. आम्ही इतरांपेक्षा लांबरुंद असतो, कारण आम्हाला आख्खा माणूस झाकायचा असतो. अमेरिकेत सैनिक मेला की आमचं काम सुरू होतं, आणि तासाभरात संपतं.

मी एमेट हॅस्केटला झाकलं. जॉर्जियातल्या लाल मातीचं गाव, शेजारी सैन्याची छावणी, निम्मं गाव तिच्यावरच जगणारं. एमेट छावणीतला ट्रक चालवायचा. सरावात एका उतारावर ब्रेक लागले नाहीत. ट्रक उलटला आणि पोरगा खाली सापडला.

पुरताना मला दोघांनी घडी घातली. एक सार्जंट होल्ब्रूक. दुसरा डेल, एमेटचा छावणीतला दोस्त, दर रविवारी एमेटच्या आईच्या हातचा मक्याचा पाव हाणणारा. आमची घडी त्रिकोणी असते. चांदण्या वर, आणि लाल रंगाचा दोराही बाहेर दिसता कामा नये. डेलनं प्रत्येक घडी अंगठ्यानं दाबून बसवली, लाल दिसला नाही. सार्जंटनं गुडघा टेकला, मला एमेटच्या आईच्या, लॉर्नाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, देश तुमचा आभारी आहे.

तेव्हा माझं फार कौतुक झालं. काचेची पेटी मिळाली, भिंतीवर जागा मिळाली. बाई रोज धूळ पुसायची.

मग चौकशी झाली. निकाल आला, चूक चालकाची.

"ब्रेकची तक्रार त्यानंच केली होती," बाई भेटेल त्याला सांगायची. "फोनवर बोललाय तो माझ्याशी." लोक मान हलवायचे आणि घड्याळ बघायचे. माझ्यावरची धूळ पुसणं तिनं बंद केलं.

शहीद सैनिकांच्या दिवशी छावणीच्या फाटकापुढे मिरवणुकीला गर्दी जमली होती. लॉर्नाबाई मला छातीशी धरून आली आणि सार्जंट होल्ब्रूकसमोर उभी राहिली.

"हे घ्या परत."

"मॅडम, मला नाही घेता येत."

"का? पोराचीच चूक होती म्हणता ना? मग मला बक्षीस कशाला?"

"तुमचा आहे तो, मॅडम."

"माझा? नक्की?"

"नक्की."

"मग बाजूला व्हा." आणि तिनं पर्समधून लायटर काढला.

सार्जंट वळून आपल्या पोरांना म्हणाला, "कोणी हलायचं नाही. हात मागे. तिची वस्तू आहे, जाळायचा तिला कायद्यानं हक्क आहे. आपण शपथ घेतलीये ती असल्या हक्कांसाठीच."

"पण सार्जंट, तो एमेटचा..." डेल बोलला.

"डेल, तोंड बंद."

गर्दीला मात्र कोणी शपथ दिली नव्हती. "पेटव ना म्हातारे, वाट कसली बघतेस?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "पोरानं ट्रक उलटवला, आईनं झेंडा पेटवला! खानदानच भारी!" लोक हसले. बाईनं माझा कोपरा पेटवला. खरं सांगतो, मला तिचा राग नाही आला. तिच्याकडे ओरडायला माझ्याशिवाय दुसरं काय उरलं होतं?

तेवढ्यात डेल सुटला. सार्जंट "मागे हो!" ओरडेपर्यंत त्यानं बाईला ढकललं होतं. ती फुटपाथच्या कडेवर आपटली. तिच्या खुब्याचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. डेलनं मला हिसकावलं, खाली टाकलं आणि आग विझवायला बुटांनी तुडवलं. ज्यानं मला लाल दिसू न देता घडी घातली, त्याच्या बुटांचे ठसे माझ्या सगळ्या चांदण्यांवर. लोक टाळ्या वाजवत होते. बाई जमिनीवरून म्हणत होती, "डेल, बाळा, मी आहे रे." तो तुडवतच राहिला.

डेलला सैन्यातून काढलं. गावानं त्याला काही दिवस फुकट बिअर पाजली, मग ओळख दाखवणंही सोडलं. ती पडली त्याचा व्हिडिओ मात्र लोक पुन्हा पुन्हा बघून हसायचे.

मी पुरावा म्हणून पोलिसांकडे होतो. खटला संपल्यावर मला बाईकडे पोचवायचं ठरलं. पण ज्या पोलिसाकडे मी आलो, त्यानं माझी दशा बघितली आणि तो हळहळला. आमच्याकडे फाटका झेंडा कचऱ्यात टाकत नाहीत. नगरपालिकेबाहेर लोखंडी पेटी असते, तिच्यात टाकतात. त्यानं पुण्य समजून मला तिथे सोडलं. पेटीतले झेंडे निवृत्त सैनिकांची संघटना घेऊन जाते आणि बिगुल वाजवून मानानं जाळते. हो मित्रांनो, जाळतेच.

आत्ता मी त्याच ढिगावर आहे. रॉकेल ओतून झालंय. दोरीपलीकडे लॉर्नाबाई काठी टेकून उभी आहे. तिला पोलिसांकडून कळलं, तशी ती धावत, म्हणजे लंगडत आली.

"तो जळका वरचा, तो माझ्या एमेटचा आहे," ती म्हणते. "द्या मला."

संघटनेचा म्हातारा अध्यक्ष हसतो. "बाई, तुम्हाला जाळायचाच होता ना? आम्ही जाळतोय. रॉकेलही आमचंच!"

लोक हसतात. बाई त्यांच्याकडे बघतच नाही. मानवंदनेसाठी छावणीतून गणवेशात आलेल्या सार्जंट होल्ब्रूककडे बघते.

"सार्जंट, तुम्हीच म्हणालात, माझा आहे. एमेटचं माझ्याकडे दुसरं काही नाही. द्या ना."

सार्जंटनं मला ओळखलंय. मी त्याच्यापासून हातभर लांब आहे.

मित्रांनो, माझे फाटके काठ शिवू नका, मला इस्त्री करू नका. मला एखाद्या आईनं पेटवलं तर मारायला धावू नका, नुसते मुकाट उभेही राहू नका. तिला विचारा, काय झालं बाई? मला सांभाळणं एवढंच असतं. मी कापड आहे. मला दुखत नाही.

बिगुल वाजलाय. काडी पडलीये. सार्जंटचा उजवा हात हलला, आणि क्षणभर मला वाटलं, आला.

तो हात सलामीला गेला. माझ्यापर्यंत यायलाही तेवढाच वेळ लागला असता.