भर उन्हातली तपासणी

ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर का यावं, यावरून पुष्कळ घरांत कुरबुर होते. या घरातही होई. त्या रात्री पूल तपासणाऱ्या इंजिनिअर सूनबाईंनी ताटाशेजारी लॅपटॉप उघडला आणि निवृत्त नर्स असलेल्या सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

"आई, एवढी सही केली की सुटले! पूल ठणठणीत आहे. आमचा कॅमेरा उष्णता टिपतो. काँक्रीटचा थर आतून सुटला असेल, तर ती जागा उन्हात जास्त तापते आणि चित्रात पिवळी दिसते. इथे बघा, सगळं निळं."

"कधी काढलंस चित्र?"

"सकाळी सकाळी. नेहमी तेव्हाच जातो. गाड्या कमी, कटकट नाही."

"उन्हात तापतं म्हणतेस, आणि ऊन चढायच्या आत बघून येतेस? संध्याकाळी ताप भरणाऱ्या पेशंटला मी सकाळीच थर्मामीटर लावून घरी पाठवलं असतं, तर?"

सूनबाईंना राग आला. बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पण सही करायला हात काही धजेना. त्या पुलावरून निम्मं शहर रोज ये-जा करत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सूनबाई आपल्या ऑफिसातल्या साहेबांना घेऊन पुलावर गेल्या. पडद्यावर बघतात तर काय, पिवळे डागच डाग! हातोडी ठोकून पाहिली. निळ्या जागी खणखणीत आवाज, पिवळ्या जागी नुसता पोकळ!

"दुरुस्तीसाठी पुलाची एक बाजू बंद केली तर लोक शिव्या घालतील," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "कालचाच रिपोर्ट पाठव."

"घालू देत, साहेब! शिव्या खाऊन घरी जाता येतं. पूल खचला तर कोण घरी जाणार? मी सही करणार नाही!"

एक बाजू बंद झाली. शिव्याही भरपूर मिळाल्या. मग कामगारांनी पहार लावली आणि वरचा थर अलगद सुटून आला. खालच्या सळया गंजून निम्म्या उरल्या होत्या. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले.

"बाकीचे पूलही आपण सकाळीच बघितलेत ना?"

"हो."

"मग उद्यापासून दुपारी. मीसुद्धा येतो!"

वाचकहो, दोष दिसणारच नाही अशी सोयीची वेळ गाठून 'सगळं ठीक आहे' म्हणायची सवय आपल्यालाही आहे. दोष असेल तर दिसेल, अशा वेळी बघणं म्हणजे तपासणी. बाकी सगळा नुसता फेरफटका, आणि त्याखाली केलेली सही खोटी.