जिजा स्वतःहून आली

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या बोळींजच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. सेक्रेटरी विनिता तर म्हणते, आशालताताई मीटिंगला येणार असतील तर आधी सांगा, मी पाणी पिऊन येते. म्हणू दे मेली. जे आहे ते तोंडावर बोलायचं, पुढे एक नि मागे एक करायचं नाही, हा माझा बाणा. निदान परवापर्यंत मला तसं वाटत होतं.

कचरा उचलणाऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याच बाजूचे होतो. ठेकेदार हातमोजे देत नाही, त्यांच्यातल्या एकीला फुटक्या बाटलीची काच लागून हात सडायची पाळी आली, हे ऐकल्यावर मी ग्रुपवर तावातावाने लिहिलं, की बरोबर आहे त्यांचं, बसू दे संपाला! लिहायला काय जातं? मग कचरा कुजायला लागला. कोलंबीची सालं, नारळाच्या करवंट्या, पोरांचे डायपर, कुत्र्यांनी फाडलेल्या पिशव्या, सगळं आमच्या गेटसमोर. अर्नाळ्याकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास येतो, त्याची आम्हाला सवय आहे. हा वास जेवताना घशात बसायचा. शी! जो तो नाक दाबून महापालिकेला शिव्या घालायचा आणि अंधार पडला की आपली पिशवी हळूच त्याच ढिगावर ठेवून यायचा. मीसुद्धा.

त्यात रविवारी उन्नतीला बघायला येणार होते. माझी लेक शिकलेली, कमावती, पण दोन ठिकाणी फिसकटलं होतं. हा मुलगा, सुमेध, तिला मनापासून आवडला होता. त्याची आई ठाण्याची. फोनवर म्हणाली, "विरार ना? बरंच लांब हो. आणि तिकडे सध्या कचऱ्याचं काहीतरी चाललंय ना?" ते 'तिकडे' मला असं झोंबलं म्हणून सांगू!

आमचे हे म्हणाले, "आशा, आपणच दोघं-चौघं मिळून ढीग मागच्या भिंतीकडे सारू या. तासाभराचं काम."

"काही नको. कंबर धरून बसाल नि पाहुण्यांसमोर आडवे पडाल," मी म्हटलं.

कंबरेचं निमित्त होतं. वॉचमनसमोर, शेजारणींसमोर फावडं घेऊन कचरा उपसायची मला लाज वाटत होती. आमचाच कचरा, पण हात कोणी लावायचा? मी जिजाला फोन लावला.

जिजा आमच्या गल्लीच्या घंटागाडीवर असते. जालन्याकडची, सडसडीत, माझ्याइतकीच तोंडाळ, म्हणून आमचं जमायचं. तिच्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा मी हॉस्पिटलात तिच्याबरोबर बसले होते, डॉक्टरांशी भांडले होते. तेव्हापासून ती मला बहिणीसारखी मानते.

"ताई, तेवढं सोडून काही पण सांगा," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही म्हणून शपथ घेतलीय सगळ्यांनी."

"अगं, तुला गाडीत कुठे भरायचाय? गेटवरचा उचलून मागे टाकायचा. पहाटे ये, कोण बघतंय?"

"नको ताई."

मग मी ते बोलले. "जिजा, तुझी पोर तापाने फणफणली होती तेव्हा मी म्हटलं का गं, नको म्हणून?"

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "येते."

रविवारी उजाडता उजाडता ती आली. ओढणीने तोंड झाकलेलं, हातात मोजे नाहीत. एकटीने घमेली भरभरून सगळा ढीग मागे नेला आणि गेटसमोर पाणी मारलं. मी गॅलरीतून बघत होते. खरं सांगते, ऊर भरून आला. घामाघूम होऊन तिने ओढणी खाली ओढली, तेवढ्यात मी मोबाइलवर फोटो काढला, चेहरा नीट यावा म्हणून. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'संपातही सेवा! आमची जिजा. अशी माणसं हवीत.' धडाधड अंगठे आले. देवाशपथ, माझ्या मनात कौतुकच होतं. अक्कल नव्हती, एवढंच.

पाहुणे आले. सुमेधच्या आईने गेटपासून जिन्यापर्यंत सगळं न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे छानच स्वच्छ आहे हो."

"आमची सोसायटी शिस्तीची आहे," मी म्हटलं. हे तिकडे खिडकीबाहेर बघत बसले. संध्याकाळपर्यंत होकार आला, उन्नती माझ्या गळ्यात पडली.

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात जिजा. डोळे सुजलेले.

"ताई, फोटो कुणी काढला?"

मी तिला आत घेतलं, मग तिने सगळं सांगितलं. ग्रुपवरून तो फोटो कुठे कुठे गेला होता. शेवटी ठेकेदाराच्या माणसाने संपाच्या मांडवात नेऊन सगळ्यांना दाखवला होता, की बघा, तुमचीच बाई कामावर आलीय, आता तुम्ही कशाला बसलाय? मग तिघं-चौघं खरंच उठून कामावर जायला निघाली, बाकीची त्यांच्या अंगावर गेली, मारामारी व्हायची वेळ आली.

"मला गद्दार म्हणतात, ताई. भावजय माझ्या हातचं पाणी घेईना. घरधनी तिथंच बसलेत, पण माझ्याकडे बघत नाहीत. मी सांगितलं, ताईंनी अडचणीत बोलावलं म्हणून गेले, कामावर नाही गेले. कुणाला पटत नाही. तुम्ही एकदा येऊन सांगा. तुमचं ऐकतील."

"चल," मी म्हटलं. "आत्ता चल. मी काय कुणाला घाबरते?"

गेटवर एका दिवसात परत पिशव्यांचा ढीग झाला होता. तो ओलांडून आम्ही रिक्षा केली. वाटेत मी मनात जुळवत होते. चूक माझी आहे. मी तिला उपकार ऐकवले. ती नको नको म्हणत होती. फोटोही मीच टाकला. शिव्या घालायच्या तर मला घाला. एवढं बोलायचं, बस्स.

कचरागाड्या उभ्या असतात त्या मैदानात ताडपत्रीचा मांडव होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. जिजा आत शिरली तशी बायकांनी तोंडं फिरवली. मला मात्र कोणीतरी लगबगीने खुर्ची दिली. समोरच ती काच लागलेली बाई बसली होती, हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधलेली. मी खुर्चीवर बसले नाही. उभी राहिले, घसा खाकरला.

एका तरण्या पोरीने मोबाइल वर केला. "थांबा, ताई. व्हिडिओ घेते. सगळ्या वॉर्डांतल्या माणसांना पाठवायचाय, म्हणजे जिजामावशीवरचा आळ जाईल." तिचं बघून आणखी चार-पाच मोबाइल वर झाले.

आणि मला सुमेधची आई आठवली. माझ्या एका फोटोने एका दिवसात केवढा प्रवास केला होता! हा व्हिडिओ ठाण्याला पोचायला कितीसा वेळ? 'संप मोडायला हिने बाईला भरीला घातलं आणि आम्हाला शिस्तीची सोसायटी म्हणून सांगितलं.' उन्नतीचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"जिजा फार चांगली बाई आहे हो," मी म्हणाले. माझाच आवाज मला गोड गोड लागत होता. "तिच्या मनात काही नव्हतं. तिला बघवलं नाही, म्हणून ती स्वतःहून आली. तिला माफ करा."

मग पट्टीवाली बाई सावकाश म्हणाली, "ऐकलंस का, जिजे? स्वतःहून."

पुरुषांतला एक जण उठून बाहेर गेला. तो जिजाचा नवरा असावा, कारण ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मी काहीतरी पुढे बोलायला तोंड उघडलं, पण मोबाइल अजून वरच होते. मी हात जोडले. हात कशाला जोडले, मलाच कळलं नाही.

आता जिजा मला काय बोलेल ते बोलेल, माझ्या अंगावर धावून येईल, असं वाटत होतं. यायला हवी होती. तिच्या तोंडाचा पट्टा मला माहीत आहे. ती मुकाट्याने माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. मी तिच्याकडे बघू शकले नाही. "जिजा, अगं मी..." एवढंच म्हटलं. तिने रिक्षाला हात केला.

"दादा, बोळींजला," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "गेटवर सोडू नका, रिक्षा आत घ्या. बाहेर घाण आहे, ताईंचे पाय भरतील."

मी बसले.