चांगदेवच्या वाटणीची फांदी

चौलाच्या अलीकडे, खाडीकडे पाठ करून बसलेल्या एका वाडीत तिघा भावांच्या सामाईक परसात आंब्याचं एकच झाड होतं. बाप गेल्यावर शेताची, भांड्यांची, अगदी पाट्यावरवंट्याचीसुद्धा वाटणी झाली. पाटा एकाकडे गेला आणि वरवंटा दुसऱ्याकडे, म्हणून कित्येक महिने दोन्ही घरांत मसाला धड वाटला गेला नाही. पण वाटणी झाली होती ना? मग झालं. झाड तेवढं कुणाला उचलून नेता येईना. तेव्हा पंच झाडाखाली बसले, वर बघून मानेला रग लागली, आणि त्यांनी झाड फांद्यांनी वाटलं. दर्याकडची जाड फांदी थोरल्या दादूला, विहिरीकडची धाकट्या येसाजीला आणि उगवतीची मधल्या चांगदेवला.

पुढं चांगदेव तापानं गेला. त्याच्या वाट्याचं शेत दोघा भावांनी ‘एकटी बाई नांगर धरणार काय’ असं म्हणत तेराव्याच्या आत आपल्यात ओढून घेतलं. त्याच्या बायकोला, ठमाबाईला, ते वर्षाचं भात घालत, आणि घालताना असं तोंड करत की जणू ती त्यांच्याच ताटातलं उचलते आहे. तिचं स्वतःचं म्हणून राहिलं होतं एक खोपट आणि त्यावर झुकलेली ती उगवतीची फांदी.

झाड रायवळ, कोयीतून आपसूक उगवलेलं. त्याला खोबऱ्या म्हणत, कारण कैरी आतून खोबऱ्यासारखी पांढरी आणि कडक. पिकलेला खोबऱ्या कुणी कौतुकानं खाल्ल्याचं ऐकिवात नाही. आंबट, आणि दोऱ्यांनी भरलेला. एक खाल्ला की दिवसभर दात कोरत बसावं. पण सुकटीच्या कालवणात त्याच्या कैरीच्या चार फोडी पडल्या, की माणूस भाकरीचा हिशोब विसरे. लोणचं दोन पावसाळे टिके. एवढाच त्याचा गुण, आणि तो बायकांना ठाऊक होता. म्हणजे तो गुण नव्हताच.

त्या सुमारास मांडव्याच्या धक्क्यावर रोज बातमी उतरे की स्वराज्य आता येतंच आहे. ते कुठं अडलं होतं कोण जाणे, पण वाडीत कलमं मात्र आली. खोताच्या बागेत हापूस होता. खोत तो पेंढ्यात घालून मुंबईला धाडी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी की गोरा साहेब हाच आंबा चमच्यानं खातो. झालं. ज्याच्या परसात रायवळ, तो एकदम हलका माणूस ठरला. सोयरीक करायला आलेले पाहुणे पोरीकडे बघायच्या आधी परसात डोकावू लागले.

दादूनं ठरवलं की खोबऱ्यावर हापूस चढवायचा. जुनं झाड पाडायचं नाही. फांदी मधेच कापायची, उरलेल्या थोटकाची साल चाकूनं उचलायची, आत हापूसची काडी बसवायची, वर केळीचं सोपट आवळून शेणमाती लिंपायची. खाली मूळ खोबऱ्याचं, वर फळ साहेबाचं.

“हापूसच का?” येसाजीनं विचारलं.

“का म्हंजे? हापूस तो हापूस.”

“पायरी गोड असते.”

“तू खाल्लीस?”

“तू हापूस खाल्लास?”

दोघांनीही काहीच खाल्लं नव्हतं. त्यामुळं भांडण चांगलं आठवडाभर रंगलं, कारण चव ठाऊक असती तर ते दोन घोटांत संपलं असतं. दादू हापूसची साल किती पातळ ते सांगे, येसाजी पायरीच्या रसाची धार किती लांब पडते ते सांगे. दोघांनाही ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनीही ऐकलेलंच सांगितलं होतं. शेवटी येसाजीनं पायरी निवडली, कारण दादूनं ती निवडली नव्हती. वाडीत बहुतेकांनी आंबे असेच निवडले.

हापूसच्या काड्या खोतानं दिल्या. फुकट नाही. दादूच्या घरानं त्याच्या बागेचं कुंपण बांधून द्यायचं, आणि दरसाल पहिली करंडी खोताच्या ओटीवर. “खोतांनी मला काड्या दिल्या,” असं दादू चारचौघांत म्हणे तेव्हा त्याची छाती अशी फुगे की कुंपणाच्या काट्यांनी सोललेले हात कुणाला दिसू नयेत.

कलम बांधायला भिकू आला. हा कलमं बांधत चौलापासून रेवदंड्यापर्यंत हिंडे आणि ज्याच्या परसात उभा असेल त्याचंच खरं म्हणे. हापूस म्हणजे राजा, असं तो दादूला म्हणाला. पायरीपुढं हापूस काय, असं विहिरीकडं जाऊन येसाजीला म्हणाला. एका गोष्टीवर मात्र तो अडला. तिन्ही फांद्या एकदम कापल्या तर झाड बसेल, एक फांदी झाड पोसायला ठेवा, म्हणाला. तेव्हा दादू नि येसाजीच्या फांद्या त्या भाद्रपदात कापल्या आणि ठमाबाईची पुढच्या भाद्रपदावर टाकली.

टाकली म्हणजे सोडली नव्हे. वाडीचा रिवाज असा होता: जुन्या फांदीवर जो आपली काडी बसवील, फळ तिथून पुढं त्याचं. पहिला मान फांदीच्या मालकाचा. पण त्याच्यापाशी काडी नसेल तर भाऊबंदानं लावावी आणि खावी. आणि ठमाबाईपाशी काडी कुठून येणार? हापूस खोताचा, पायरी येसाजीच्या सासऱ्याची. तिच्या माहेरी करवंदाच्या जाळ्यांखेरीज काही उगवत नव्हतं.

“वयनी, तुमी काय जिवाला घोर लावू नका,” येसाजी म्हणाला. “आमी लावतो कलम तुमच्या फांदीवर. सावली तुमचीच र्‍हाईल.”

“आनि आंबं?”

“आंबं मंग आमच्या दोघांत. पोराला व्हतील.”

पोर म्हणजे येसाजीचा धाकटा. दादूला मूल नव्हतं म्हणून त्यानं भावाचाच मुलगा दत्तक घेतला होता. दोघं भाऊ एरवी एकमेकांच्या चुलीचा धूर बघत नसत, पण ह्या पोराच्या नावावर काही ओढायचं असलं की त्यांच्यात रामराज्य येई.

ठमाबाईला सावली ऐकून हसू आलं नाही. फांदी गेली की परसात पाय ठेवायला तिला कारण उरत नव्हतं. आज आंबे म्हणतील, उद्या खोपट फांदीला अडतं म्हणतील. तिला वर्ष मिळालं होतं, आणि तेवढ्यात तिला आंबा निवडायचा होता.

आता गंमत अशी की तिला हापूस नको होता असं नाही. चांगला असेल तर तोच लावावा, खोताचे पाय धरावेत, कुंपण बांधावं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. फक्त खाऊन बघायचा होता. ही तिची मागणी ऐकून वाडी हसली. आंबा खाऊन निवडतात होय? नवरा काय वागवून बघून करतात? दादूची बायको बायजा तर म्हणाली, “ठमे, हापूसला नावं ठेवणारी तू कोन?”

“नावं कुठं ठेवली? चव बघते म्हनलं.”

“तेच ते.”

वैशाखात खोताच्या बागेत आंबे उतरवायला बाया लागत. ठमाबाई गेली. दिवसभर तिनं हापूस झेल्याच्या जाळीतून काढले, पुसले, पेंढ्यात निजवले. वासानं डोकं भरून गेलं. संध्याकाळी ती ओट्यापुढं उभी राहिली. खोत झोपाळ्यावर बसून आंबा चोखत होता. रस कोपरापर्यंत आला होता.

“खोतानू, एक फळ मिळंल काय? फांदीवर कलम करायचंय. चव बघून ठरवीन.”

खोत हसला. त्याला खरंच मजा वाटली. “चव बघतेस? तुझ्या दिरानं बघितली काय? तो गुमान काड्या घेऊन गेला.” आणि त्यानं हातातला चोखलेला बाठा तिच्या पुढ्यात टाकला. “घे. गोडी त्यालाही आहे.”

आजूबाजूच्या बाया खाली बघू लागल्या. अशा वेळी खाली बघायची वाडीला चांगली सवय होती. बाठा अंगणात पडला, माती लागली.

“ही तर तुमच्या थुंकीची गोडी,” ठमाबाई म्हणाली. “आंब्याची कशी कळंल?”

ती निघाली. मागं खोत काय बोलला ते कुणी तिला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला बागेत घेतलं नाही. दादू घरी येऊन ओरडला की हिनं खोताच्या तोंडाला तोंड दिलं, आता माझ्या काड्या परत मागितल्या तर? लावलेल्या काड्या कशा परत मागतात हे त्याला विचारायचं कुणी धाडस केलं नाही.

पायरी तरी खाऊ म्हणून तिनं येसाजीच्या सासऱ्याला निरोप धाडला. उत्तर आलं की विधवा बाईच्या हातची मागणी सणासुदीला ऐकणार नाही. सण कुठला होता, तेवढं कळवायचं राहिलं.

भाद्रपद आला. गणपती बोळवले, आणि भिकू करवत घेऊन हजर. दादूच्या हातात ओल्या सोपटात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या होत्या. त्याच्या कलमानं चांगलं अंग धरलं होतं, आता खोताकडे जायची गरज नव्हती. फांदी कापली. ती पडली तेव्हा ठमाबाईच्या खोपटावर पहिल्यांदाच सरळ ऊन आलं. भिकूनं उरलेल्या थोटकाची साल उचलली आणि काड्यांसाठी दादूकडं हात केला.

“थांब,” ठमाबाई म्हणाली. “फांदीची मालकीन हाय मी. पहिला मान माझा.” तिनं पदराखालून काड्या काढल्या.

भिकूनं त्या फिरवून बघितल्या. पान चुरडून हुंगलं. “कसल्या गं ह्या?”

“ह्याच फांदीच्या. सकाळी काढून ठेवल्या.”

“खोबऱ्यावर खोबऱ्या?” भिकू हसायला लागला. मग त्यानं दादूचं तोंड बघितलं आणि त्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

“हे कलमच न्हवं,” दादू म्हणाला.

“काडी हाय, साल हाय, बांधनार भिकू हाय. आनि काय लागतं?”

“भिक्या, सांग हिला.”

भिकू कुणाच्या परसात उभा आहे हे त्यालाच कळेना. हा तुकडा कुणाचा, तेच तर ठरायचं होतं. “जगंल,” तो एवढंच पुटपुटला. “येकाच झाडाचं... चांगलंच जगंल.” साल वाळत चालली होती. त्यानं मान खाली घातली आणि हाताशी होत्या त्या काड्या बसवल्या.

संध्याकाळी पंच बसले. दत्तू पाटील मधे, त्यानं पानाचा विडा लावला आणि विचारलं, “ठमाबाई, आंब्यावर तोच आंबा लावलास. ह्यात कलम कुठं झालं?”

“पाटील, दादूभावजींनी येसाजीभावजींचा पोर मांडीवर घेतला. आजा तोच, रगत तेच, घर तेच. तवा तुमी नारळ फोडलात नि म्हनलात, ह्यो आता दादूचा पोर. झाला का न्हाय?”

पाटलाचा विडा गालात थांबला.

“पोरगा येगळा नि आंबा येगळा,” येसाजी म्हणाला.

“येगळा हाय. पोराला वर्साला कपडं लागतात.”

कुणीतरी मागं खोकलं. खोकला नव्हता तो. दादूनं येसाजीकडं बघितलं, येसाजीनं पाटलाकडं. एकाच घरातलं उचलून त्याच घरात लावलं तर नवं होत नाही, असा निकाल दिला तर दादूच्या शेताला वारस उरत नव्हता; आणि त्या दत्तकाच्या जेवणावळीत पंचांनी प्रत्येकी किती वडे खाल्ले होते हे वाडीला ठाऊक होतं.

“तुला हे शिकवलं कुनी?” पाटलानं विचारलं.

“तुमीच. त्या दिवशी मी सवाष्न होते. पाटाखाली तांदूळ मीच मांडले.”

पंच उठून बाजूला गेले, बरंच कुजबुजले, आणि परत येऊन म्हणाले की कलम हे कलम आहे. फांदी ठमाबाईची.

वाडीतल्या शहाण्यांनी त्या रात्री तिला वेडी ठरवलं. आणि बघायला गेलं तर वेडेपणाच होता. धडधाकट, फळानं वाकणारी फांदी कापून तिनं तीच फांदी पुन्हा लावली होती. पुढची तीन वर्षं तिला एक कैरी मिळाली नाही. जे तिचंच होतं ते तिचं म्हणवून घ्यायला आधी तोडावं लागलं. असला न्याय करणाऱ्या पंचांना लोक वाकून रामराम घालत होते. त्या तीन वर्षांत तिनं सुकट कोरडीच खाल्ली आणि खोपटाला झावळ्यांची नवी सावली केली.

दादूच्या हापूसला दुसऱ्या वर्षी मोहोर आला, तिसऱ्या वर्षी फळं धरली. पहिली करंडी खोताला गेली. दुसरी पाहुण्यांना, कारण पोराची सोयरीक बघायची होती. तिसरी भरलीच नाही. दादू रोज झाडाखाली उभा राहून फळं मोजी आणि कुणी देठाला हात लावला तर घर डोक्यावर घेई. कैरी तोडायची तर बातच नको. हापूसची कैरी कालवणात घालणं म्हणजे घरची सून नाचवणं. येसाजीची पायरी रसानं भरली की नाही ते कळलं नाही, कारण ती पिकण्याआधीच सासऱ्यानं आपलं म्हणून उतरवून नेली.

चौथ्या चैत्रात ठमाबाईच्या फांदीला कैऱ्या लोंबल्या. पांढऱ्या, कडक, नाठाळ. एके दिवशी दुपारी बायजा तिच्या दारात आली. चुलीवर सुकट होती, आत टाकायला आंबट काही नव्हतं.

“ठमे, दोन कैऱ्या दे गं.”

“भावजींना धाड.”

“ते कशाला येतील?”

“मंग कशाला देऊ?”

बायजा गेली. बऱ्याच वेळानं दादू आला. तो आधी आपल्या हापूसखाली उभा राहिला, जणू तिकडंच आला होता. मग हळूहळू उगवतीकडे सरकला. सुकटीचा वास परसात पसरला होता.

“दोन कैऱ्या पायजे व्हत्या,” तो झाडाला म्हणाला.

“कुनाच्या फांदीच्या?” ठमाबाईनं आतून विचारलं.

दादूनं घसा साफ केला. वर बघितलं, खाली बघितलं. घरातून बायजानं कढई उतरवल्याचा आवाज आला.

“तुझ्या,” तो म्हणाला.

ठमाबाई बाहेर आली आणि काठी त्याच्याच हातात दिली.

“मंग पाडा. शेंड्याच्या नका पाडू, त्या लोणच्याला ठेवल्यात.”