दसऱ्यानंतरचा पट्टा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, धोंडीराम. दिंडोरी रस्त्याच्या खडी क्रशरवर खडी वाहून नेणारा पट्टा सरळ चालता ठेवायचं काम त्याचं. पट्टा ज्या अंगाला सरकेल त्या अंगाचा बोल्ट जरासा आवळायचा, दोन-चार फेरे बघायचे, मग पुन्हा जरासा. घरात हा माणूस तापट, पण पट्ट्यापुढे गरीब गाय.

नव्व्याण्णवच्या दसऱ्याला मालक शेखरशेठने मशीनची पूजा थाटात केली. पट्टा ज्यावरून वळतो त्या शेवटच्या ड्रमची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी काढून ड्रमला कुंकू फासलं, नारळ त्याच्यावरच फोडला आणि जाळीच्या जागी झेंडूचं तोरण बांधलं. आम्हा सगळ्या मजुरांच्या मनगटाला लाल दोरा. तोरण सुकून आपोआप पडेपर्यंत काढायचं नाही, म्हणून जाळीही परत बसली नाही. देवाच्या कामात बोलणार कोण!

दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू झाला आणि डावीकडे ओढू लागला. लोखंडाला घासून त्याची कड उसवत होती. धोंडीरामने दोनदा बोल्ट आवळला, पट्टा ऐकेना. मग तो वाकून ड्रमकडे बघत राहिला. नारळाच्या पाण्यावर, कुंकवावर खडीची भुकटी बसून एका अंगाला जाड थर चढला होता.

"शेठ, पट्टा थांबवा. एवढं खरवडतो, लगीच चालू करू."

"आज नाही. दसऱ्यानंतर सुरू केलेलं मशीन दिवस मावळेपर्यंत थांबवायचं नाही, वडिलांचा नेम आहे. चालू पट्ट्यावरच खरवड."

मी पट्टा बंद करायच्या बटणापाशीच उभी राहून खडीतली ढेकळं वेचत होते. धोंडीरामने पत्र्याचा तुकडा उचलला. त्याच्या मनगटावरच्या दोऱ्याची टोकं लोंबत होती.

"आवो, त्यो दोरा तरी तोडा."

"देवाचा हाय कुसे, आपल्या हातानं तोडत नाय. तू तुझं काम बघ."

त्याचा हात तोरणाखालून आत गेला. दोऱ्याचं टोक ड्रमकडे ओढलं जाताना दिसलं आणि मी लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. शेखरशेठ ओरडत आला, "पांढऱ्या पायाची! वर्षाचा धंदा बसवलास!" सगळे माझ्याकडे बघत होते. धोंडीरामची मान खाली गेली, आणि तो राग निघाला माझ्यावर.

"मी हाक मारली व्हती का? लय शानी झालीस! जा, शेडात बस."

पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून बटणापाशी शेठ स्वतः उभा राहिला. पट्टा सुरू झाला, आणि धोंडीराम पुन्हा ड्रमपाशी वाकला.

शेडात मी भाकरी सोडून समोर ठेवली. पट्ट्याची कड लोखंडाला घासत होती, तेवढाच आवाज मी ऐकत होते. तो चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असं मनाला बजावत होते.

मग आवाज थांबला. पट्टा थांबला म्हणून या वेळी कुणी ओरडलंसुद्धा नाही. ऊन डोक्यावर होतं, दिवस मावळायला खूप वेळ होता, आणि बटणापाशी शेखरशेठशिवाय कुणीच नव्हतं.