भेटीचा वार

“आत आहे की नाही, एवढंच सांगा वहिनी. बाकीचं मी बघतो.”

धाकटा दीर फाटकाचे गज धरून उभा होता. आतल्या बाजूला, मुलींच्या निरीक्षणगृहाच्या चौकीत, पहारेकरीण स्टुलावर बसली होती.

“भाऊजी, इथं कोण आहे नि कोण नाही, हे मी कोणालाच सांगत नाही.”

“कोणालाच? माझ्या पोरीचा, तुमच्या पुतणीचा डोळा गेलाय.”

शाळेतल्या भांडणात वर्गातल्या एका मुलीनं तिला कर्कटक मारलं होतं. शहरात अशी दोन गृहं होती. मारणारीला कुठल्या गृहात ठेवलंय, ते बाहेर सांगायचं नव्हतं. दिराला तिचा फोटो काढायचा होता.

“चौकाचौकात लावतो. जन्मभर तोंड लपवत फिरू दे.”

तो रस्ता ओलांडून समोरच्या पंक्चरच्या दुकानाशी जाऊन उभा राहिला.

घरात पहारेकरणीशी कोणी धड बोलत नव्हतं. “तू नक्की कोणाच्या घरची?” असं सासूनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, आणि नवरा मान खाली घालून जेवत राहिला होता. तिला स्वतःला त्या मुलीचा राग नव्हता असंही नाही. इथं गृहात तिच्यापुढं जेवणाचं ताट ठेवताना ते आपटलंच जायचं. पुतणीला तिनं लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं होतं.

तेवढ्यात बसथांब्याकडून मारणाऱ्या मुलीची आई येताना दिसली. दीर तिला ओळखत होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला. ही बाई आत गेली की त्याला हवं ते उत्तर मिळणार होतं.

“भेटीचा वार ना आज?” आईनं विचारलं.

“तुमची मुलगी इथं नाही,” पहारेकरीण मोठ्यानं म्हणाली.

“अहो, मागच्या वेळी तुम्हीच मला आत सोडलंत.”

“इथं नाही म्हटलं ना. जा.”

खरं कारण सांगितलं असतं तर बाईनं लगेच मागं वळून बघितलं असतं, आणि दिराला कळून चुकलं असतं.

आई हळूच म्हणाली, “तुमची पुतणी ती. मला माहितेय. माझ्या पोरीवर सूड उगवताय.” आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त झोंबला.

पहारेकरणीनं बसथांब्याकडे बोट दाखवलं.

बाई बसमध्ये चढून दिसेनाशी झाल्यावर दीर स्कूटर घेऊन फाटकाशी आला. “म्हणजे दुसरीकडे आहे. आधीच सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? घरच्या माणसाला एवढं तंगवलंत. विसरणार नाही मी.”

तो गेल्यावर तिनं अधीक्षकबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीच्या आईला फोन लावला, पुन्हा लावला. तिनं उचलला नाही.

भेटीच्या खोलीत मुलगी केव्हाची येऊन बसली होती. धुतलेला ड्रेस, ओल्या केसांची घट्ट वेणी.

“आई?”

“आली होती. मी परत पाठवली.”

“मुद्दाम?”

बाहेर आपलाच दीर उभा होता, हे या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

“हो,” ती म्हणाली.

मुलगी रडली नाही. तिनं आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. भेटीची वेळ संपेपर्यंत खोली उघडी ठेवायचा नियम होता. पहारेकरीण दाराशी उभी राहिली.